तुझ्या पाठीला पाठ लावून

आई, आमच्या कॉलनीतल्या बायकांनी या हिवाळ्यात रविवारी सकाळी सायकली काढायचं ठरवलं आहे आणि मीही यावं म्हणून त्या माझ्या मागे लागल्या आहेत. उद्या सांगते म्हटलं. घरी आले, चहा केला आणि तुला लिहायला बसले.

जामखेडला तुमचं सायकल मंडळ होतं. मंडळ म्हणजे पोस्टमास्तर, एक वकील, कापडदुकानवाले काका, निवृत्त हेडमास्तर, आणखी दोघं-तिघं आणि तू. दवाखान्यातली नर्स, म्हणून सगळे तुला बाई म्हणायचे. थंडी पडली की दर रविवारी उजाडता उजाडता निघायचं, जवळच्या एखाद्या गावी जाऊन खायचं, गप्पा मारायच्या आणि उन्हं तापायच्या आत परतायचं. नियम दोनच होते. जो सगळ्यांत हळू त्यानं पुढे राहायचं, म्हणजे कोणी मागे सुटत नाही. आणि चढावर जो पहिला उतरेल त्यानं पुढच्या रविवारी घरी बसायचं. हा दुसरा नियम वकिलांनी गमतीत काढलेला, पण पाळायचे सगळे.

पुढे अर्थातच तुला घातलं होतं. बाईमाणूस, त्यात कॅरियरवर आठ वर्षांची मी. याच सायकलवरून तू आठवडाभर वाड्यावस्त्यांवर बाळंतिणी तपासत हिंडायचीस, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं आणि तूही आणून दिलं नाहीस. खरे हळू होते ते हेडमास्तर. त्यांच्या छातीचं दुखणं तुला दवाखान्यातून ठाऊक होतं. बायको गेल्यापासून ते आठवडाभर फारसं कोणाशी बोलत नसत. रविवारी मात्र मफलर गुंडाळून सगळ्यांच्या आधी हजर. मी तुझ्या पाठीला पाठ लावून, तोंड मागे करून बसते आहे, आणि तू हळूच विचारतेस, मास्तरांचं तोंड मिटलेलं आहे का बघ. उघडं आहे म्हटलं की तुझे पाय मंदावतात. तुझी पाठ सैल झालेली मला स्वेटरमधूनही कळते. मागून वकील विचारतात, बाई, आज मुक्कामाचं सामान घेतलंय का? तू नुसती हसतेस.

खर्डा गावी हुरडा खायला निघालो तो रविवार फार गारठ्याचा होता. दोन्ही बाजूंची ज्वारी दवानं ओली होती. चढाच्या अर्ध्यात मास्तरांचं तोंड उघडलं, मफलर सुटून लोंबायला लागला, आणि त्यांनी एक पाय पायडलवरून काढला. आता पुढचा रविवार त्यांनी एकट्यानं घरात काढायचा, एवढं मलाही कळत होतं. आई, ते उतरतायत, मी म्हटलं. त्यांचा पाय जमिनीला टेकायच्या आत तू खाली उतरली होतीस.

"थांबा हो सगळे. माझ्याच्यानं नाही होत."

मी काही बोलणार तेवढ्यात तुझा हात माझ्या गुडघ्यावर आला. मग सगळेच उतरून सायकली ढकलायला लागले आणि वकिलांनी जाहीर केलं, पुढच्या रविवारी बाईंना सुट्टी.

रानात आगटी पेटलेली होती. गरम हुरडा, लसणाची चटणी, गूळ. शेतकऱ्याची म्हातारी आई तुझ्याकडे बघतच राहिली. "तुमी उतरला व्हय? आमच्या सुनंच्या येळंला ह्योच चढ भर उन्हाचा चढून आल्ता की." पोरगी जड झालीय आता, तू म्हणालीस, आणि सगळे मला हसले. मास्तर तेवढे हसले नाहीत. त्यांच्या तळहातावरचा हुरडा कधीच मोकळा झाला होता, तरी ते तो चोळतच राहिले.

पुढच्या रविवारी तू भाकरीचं पीठ मळत होतीस आणि मी फुगून कोपऱ्यात बसले होते. दारात सायकलची घंटी वाजली. मास्तर उंबऱ्याबाहेर उभे, बाकीचे मागे रस्त्यावर, वकील जमिनीकडे बघत.

"बाई, यांना मी सगळं सांगितलंय. आजपासून पुढं मी राहणार, तुम्ही मागून या. आणि हिला म्हणावं, माझ्या तोंडाकडं बघत बसायचं काम सुटलं आता."

तू हात धुतलेस, पिठावर ताट झाकलंस आणि सायकल काढलीस. उतरण्याच्या त्या नियमाचं नाव नंतर कोणी काढलं नाही. मास्तर पुढे असताना आम्ही इतके सावकाश जायचो, की बांधावरून जाणारी माणसं आमच्याशी बोलत बोलत बरोबर चालायची. मला मागे बघायला आता काही काम नव्हतं. रिकामा रस्ता, पाठीला तुझी ऊब, आणि पुढून मास्तरांच्या गोष्टी.

मी बारा वर्षांची झाल्यावर तू मला सायकल शिकवायला मैदानावर नेलंस. दोन संध्याकाळी माझ्यामागून पळालीस. मी म्हटलं, मला भीती वाटते. तू जोर केला नाहीस, आणि सायकल मला आजतागायत आली नाही. त्या बायकांनाही मी भीतीचंच सांगणार आहे. हा कागद पोस्टात टाकायला आता तुझा पत्ता उरलेला नाही, म्हणून तुला तेवढं खरं सांगते. भीती नव्हती गं. सायकल आली असती, तर मला कॅरियरवरून उतरावं लागलं असतं.