नाव तुमचं घेतलं

रहाटणी,
९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय डॉक्टरबाई,

नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल. आमच्याकडे ठीक आहे. ज्ञानेशचा खोकला गेला, या वेळी काळेवाडीला दाखवलं. मला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये काम मिळालंय. सासूबाई औशाहून इथेच राहायला आल्यात.

पोराला तुमच्याकडे का आणलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

हे चाकणला शेडवरून पडले, तेव्हा मीच तुम्हाला बोलावलं. मोठ्या हॉस्पिटलातलं बोलणं मला कळत नव्हतं. दवाखाना बंद करून तुम्ही आलात. "मेंदू गेलाय, स्वरूपा. छाती हलतेय ती मशीनमुळे," असं तुम्ही म्हणालात तेव्हाच मला पटलं. मग तिथल्या लोकांनी अवयवदानाचं विचारलं. तुम्ही सगळं समजावलंत आणि म्हणालात, "नाही म्हणालीस तरी मी तुझीच डॉक्टर." मी विचार करून हो म्हणाले. माझ्या मनानं.

पण दहाव्याला गावी भावकी बसलेली. रविराजभाऊजींनी विचारलं, माझ्या भावाचे अवयव कुणाला विचारून दिलेस? ज्ञानेशला ठेवून मला बाहेर काढतील, अशी भीती वाटली. म्हटलं, "बाईंनी सही करायला लावली."

तुम्ही अवयवांमागे कमिशन घेतलंत, असं मी बोलले नव्हते. कुणीतरी ते काढलं, तेव्हा गप्प बसले एवढंच. एवढंच कसं म्हणू?

भाऊजी तुमच्या दवाखान्यात पेशंटसमोर काय काय बोलले, ते शेजारच्या सुमनताईंनी सांगितलं. तुम्ही माझं खोटं उघडं पाडलं नाहीत. तरी मी आत आले नाही, पायरीवरूनच मागे फिरले.

मागच्या आठवड्यात सुमनताईंच्या भावाचं तसंच झालं. त्यांनी तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, "यात मला विचारू नका." घाबरून त्यांनी अवयव द्यायला नकार दिला. हे माझ्या खोट्यामुळे झालं.

काल सासूबाईंना खरं सांगितलं. त्यांनी विचारलं, "डोळं बी दिलंस?"

"व्हय."

"मंग त्या बाईला शिव्या का खाऊ दिल्यास?"

भाऊजींनाही फोन केला, त्यांनी अर्ध्यावर ठेवला. पुन्हा करीन.

माफ करा, असं म्हणायला तोंड नाही. पण बाई, पुढं कुणी विचारलं तर बोला. माझ्याकडे पाठवा. सही कुणी केली, ते मी सांगेन.

तुमच्या पायरीवरून मागे फिरलेली,
स्वरूपा