कोरडं दिसणारं दार

दादा,

आज रविवार, ११ ऑक्टोबर १९९८. सकाळचे सव्वाअकरा वाजलेत. दूध संस्थेच्या ऑफिसात बसलो आहे. सगळी बिलं वाटून झाली, प्रिंटरवर कापड घालत होतो आणि तुम्हाला हे सांगावंसं वाटलं.

तुम्ही देवाघरी गेलात, आई एकटी राहिली, तेव्हा मी सातवीत होतो. नववीनंतर शाळा सुटली. पुढे राहुरीला टायपिंग शिकलो, तिथेच कॉम्प्युटरही थोडा शिकलो, आणि त्यावर गावच्या संस्थेत लागलो. टीव्हीसारखी पेटी असते. कुणाचं किती दूध, किती फॅट, सगळं लक्षात ठेवते आणि दर दहा दिवसांनी प्रत्येकाचं बिल काढते. आमचं यंत्र मात्र नगरच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून आलेलं, म्हातारं. ते सुरू होईपर्यंत आई दूध घालून, कॅन धुऊन घरी पोचायची. मागची बिलं उशिरा निघाली तेव्हा सचिव म्हणाले, "गड्या, दिवाळीच्या तोंडावर असं झालं ना, तर ह्याच्यावर गोणपाट टाकतो आन् वह्या काढतो." वह्या ते स्वतःच लिहितात. म्हणजे माझं काम संपलं. त्या दिवसापासून मला जेवण जात नव्हतं.

मग आपली चारी आठवली, कालव्याचा तो लहान फाटा. तुम्ही पाटकरी, पाळीप्रमाणे शेतांना पाणी सोडणारे. टेलला, चारीच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचलं नाही की लोक ओरडायचे, धरणातून जास्त सोडा म्हणायचे. तुम्ही सायकल काढता, मला पुढच्या दांडीवर बसवता. वाटेतलं एकेक दार बघत आपण जातो. ज्याची पाळी नाही त्याचं दार तुम्ही खाली करता आणि म्हणता, "पानी लई हाय रं. वाटंत जातंय." एक दार बंद केलं की टेलपर्यंत जाऊन बघायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा.

तसंच केलं. यंत्राच्या आत काय काय जोडलंय त्याची यादी पडद्यावर उघडता येते. त्यात नेटवर्कचं कार्ड होतं. त्याला वायर नाही, तरी रोज सकाळी ते शेजारचं यंत्र शोधत थांबायचं. फॅक्सचा प्रोग्राम दिवसभर फोनची वाट बघत बसायचा, आणि आमचा फोन सचिवांच्या लाकडी पेटीत, कुलपात. आधी ही दोन्ही बंद केली. मोडेम, आवाजाचं कार्ड, आपोआप सुरू होणारे दोन-तीन प्रोग्राम, एकेक बंद करत गेलो. प्रत्येक वेळी यंत्र पुन्हा सुरू करून बघितलं. खरंच सांगतो दादा, ते पळायला लागलं.

काल संध्याकाळी शेवटी एक जागा दिसली, जिला काहीच जोडलेलं नव्हतं. तीही बंद केली. आज सकाळी बिलं झटक्यात तयार झाली, पण प्रिंटर हलेना. खिडकीबाहेर माणसं दाटलेली. एकजण ओरडला, "छापतोय का रांगोळी काढतोय रं?" सगळे हसले. सचिव उठले आणि खरोखरच गोणपाट आणायला मागे गेले.

तेवढ्यात तुमचा आवाज आला. एकदा मीच एक दार बंद केलं होतं, थेंबभर पाणी नव्हतं म्हणून. ते गुरांच्या हौदाचं निघालं. तुम्ही मारलं नाहीत. भर उन्हात मागे सायकल वळवलीत आणि म्हणालात, "कोरडं दिसतं म्हनून बंद करायचं? कुनाचं हाय ते आधी इचारायचं." कालची ती जागा प्रिंटरची होती. उंदीर कुरतडतात म्हणून सचिव रोज संध्याकाळी त्याची वायर काढून कपाटात ठेवतात, सकाळी परत लावतात. ते दार उघडलं, यंत्र पुन्हा सुरू केलं, आणि प्रिंटर करकरायला लागला. सचिव गोणपाट घेऊन दारात उभे. मग त्याची घडी करून माझ्या खुर्चीत टाकली. "घे, बुडाखाली घे. खिळा टोचत आसंल."

मी आता त्याच्यावरच बसून लिहितोय.

एक मात्र सांगायला हवं. आवाजाचं कार्ड मी परवाच पुन्हा चालू केलं. यंत्र सुरू होताना त्यातून एक सूर निघतो. तो बंद झाला तेव्हा आई कॅन घेऊन खिडकीशी थांबली आणि म्हणाली, "आज मुकं का रं तुजं जनावर? आजारी हाय व्हय?" त्या सुराने यंत्र जरा रेंगाळतं. रेंगाळू दे. ते दार पाळी नसताना उघडं आहे, एवढं तुम्ही चालवून घ्या.

हे पत्र कुठे टाकणार? ड्रॉवरमध्ये, प्रिंटरच्या जुन्या रिबिनीखाली ठेवतो. खर्च काही नाही. देणं, ज्यावर हे लिहिलं तो संस्थेच्या प्रिंटरचा एक कागद. उद्या आणून ठेवीन.