मायाच्या मानेवरचे वळ

प्रिय भावना,

तुझा दीर अश्विन गेल्यावर सासरचे तुला पारशिवनीला घेऊन गेले, तेव्हापासून तुझा फोन लागत नाही. म्हणून हे पत्र आपल्या क्लासमधल्या अस्मिताजवळ देते आहे. ती तुझ्याच हातात देईल.

जरीपटक्यातला आपला स्वसंरक्षणाचा क्लास बंद झाला. मायाचं प्रकरण पेपरात आलं आणि हॉलवाल्यांनी कुलूप लावलं, आयांनी पोरी काढून घेतल्या. चारपाच जणी अजून माझ्या गच्चीवर येतात. पोलिसांनी विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही मारायले शिकवता काय?" मी सांगितलं, गळा धरला तर हनुवटी छातीला टेकवायची, खांदा वळवून पकड सोडवायची, मग एक ठोसा आणि पळायचं. त्यांनी तेवढा ठोसाच लिहून घेतला.

मायाला तुरुंगात भेटून आले. तुझी धाकटी जाऊ ओळखू येत नाही, इतकी वाळली आहे. म्हणाली, "ताई, त्यानं ओट्याशी दाबून गळा धरला. तुमी शिकवलं तशी सुटली मी. पण तो दारातच उभा झाला. कुठी पळू?" मग तिनं ठोसा मारला. अश्विन मागं कोसळला, डोकं उंबरठ्यावर आपटलं. धंतोलीच्या दवाखान्यात तो शुद्धीवर आलाच नाही. निघताना तिनं विचारलं, "त्याले लय दुखलं असन का, ताई?"

तुझ्या सासूचं रडणं खोटं नाही, भावना. पण मायाला हात धरून क्लासला तूच आणलंस. तिची ओढणी सारून मानेवरचे वळ दाखवलेस आणि म्हणालीस, "दीपमाला, हिले पयले गळा सोडवाचं शिकव वं." पोलिसांना मात्र तू सांगितलंस की घरात भांडण नव्हतंच. शेजारी नवरा आणि सासरे उभे असताना तू दुसरं काय सांगणार होतीस?

माझ्या बोलण्याला कोर्टात वजन नाही. मी तर शिकवणारी. वकील म्हणतात, घरातलं कुणी खरं बोललं तरच माया वाचेल. घरातलं म्हणजे तूच. बोललीस तर त्या घराचं दार तुला बंद होईल, हे मला कळतं. माझी मागची खोली मी रिकामी केली आहे. पत्र देऊन अस्मिता गल्लीच्या तोंडाशी थांबेल. येणार असशील तर कुणाला न सांगता, आहे त्या साडीवर तिच्याबरोबर नीघ.

तुझीच,
दीपमाला