फॉर्ममधला ‘हो’

रविवार, संध्याकाळ. जत.

सागरी जीवशास्त्राच्या एमएस्सीला नंबर लागला. गुरुवारी रत्नागिरीत हजर व्हायचंय. पहिल्याच आठवड्यात बोटीने समुद्रात नेणार म्हणे. आणि फॉर्मवर ‘पोहता येतं का?’ या प्रश्नापुढे मी चक्क ‘हो’ लिहून बसलेय! का लिहिलं? नंबर जाईल म्हणून? आमच्या गावात प्यायचं पाणी टँकरने येतं, पोहायला शिकणार कुठे?

शेवटी आबांना सांगितलं. मेंढरं वाड्यात कोंडता कोंडता म्हणाले, “लोकर कातरायच्या आधी मेंढरं पार कृष्णा नदीवर नेऊन पाण्यात ढकलतो न्हवं आमी? त्यास्नी कुणी शिकीवलंय? पवत्यात की!”

हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच.

मेंढरांना ढकलण्याआधी कुणी विचारत नाही. मला विचारलं होतं.