सोपा गेलेला दुसरा भाग

प्रिय चिमणे,

परवा परीक्षा देऊन बाहेर पडल्या पडल्या तू फोन केलास. "बाबा, गणिताचा दुसरा भाग इतका सोपा होता, की शेवटी पंख्याची पाती मोजत बसले," म्हणालीस आणि हसलीस. मीही हसलो. शाब्बास म्हणालो. फोन ठेवला आणि गल्ल्यामागच्या स्टुलावर मटकन बसलो. घाम फुटला होता, आणि शेगड्या तर केव्हाच विझवल्या होत्या.

तुला माहीत आहे, आपल्या कँटीनच्या डोक्यावरच परदेशी शिकायला जायच्या या परीक्षेचा क्लास आहे. शाळा मी सातवीत सोडली, पण कान तिखट आहेत. तेल तापलं की नाही ते मला आवाजावरून कळतं, आणि कुठलं गिऱ्हाईक बायकोशी भांडून आलंय ते त्याने खुर्ची ओढली की कळतं. ही पोरं रोज माझ्यासमोर बसून डोकी खाजवतात, मग परीक्षेचं गणित मला कसं नाही कळणार? पद्धत यंदाच बदललीय, बाळा. तुझी पुस्तकं गेल्या वर्षीची. आता पहिला भाग सगळ्यांना सारखा. त्यात किती बरोबर आले ते बघून परीक्षेचा कॉम्प्युटर दुसरा भाग काढतो. पहिला चांगला गेला तर दुसरा अवघड, नाहीतर सोपा. आणि त्या सोप्यात सगळंच्या सगळं बरोबर आलं, तरी गुण एका हद्दीच्या वर सरकत नाहीत. मी नव्या आचाऱ्याला आधी कांदे चिरायला बसवतो ना, तसंच. हात बरा दिसला तर शेगडीपाशी, नाहीतर पुन्हा कांदेच. मग ते कितीही बारीक चिरले तरी आचाऱ्याचा पगार काही मिळत नाही.

म्हणून माझ्याकडे उलटाच कारभार चालतो. "दुसऱ्या भागाने मारलं रे!" असं रडत जो येतो, त्याच्याकडून पोरं चहा उकळतात. आणि शीळ घालत येतो त्याची कुणी थट्टा करत नाही. गुपचूप साखर पुढे सरकवतात.

काल दुपारी वरचे सर जेवायला आले. जाड चष्म्यावरून पोरं त्यांना ढापण म्हणतात, मी सर म्हणतो. सहज विचारल्यासारखं केलं, की एका मुलीला दुसरा भाग सोपा गेला म्हणे. "कुणाची मुलगी, काका?" म्हणाले. गिऱ्हाईकाची, म्हटलं. म्हणाले, सोपा असणं वेगळं आणि सोपा वाटणं वेगळं, तयारी असली की अवघडही सोपं वाटतं. माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात मी मूर्खासारखं पंख्याच्या पात्यांचं सांगितलं. सरांचा घास हातातच राहिला. मग नुसतं "हं" म्हणाले आणि पाणी प्यायले. तो "हं" मी ऐकला, चिमणे. तू ऐकला नाहीस तेच बरं.

घरी मी यातलं काही बोललो नाही. तुझ्या आईने मोठी बॅग माळ्यावरून काढून उन्हात ठेवलीय. मावशी तुझ्यासाठी स्वेटर विणायला बसलीय, म्हणते, तिकडे थंडी फार. बाही झालीसुद्धा. मी पेपर उघडून बसतो आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचतो. तुझी आई म्हणते, पोरगी जाणार म्हणून तोंड पाडून बसलात. मी हो म्हणतो.

गेल्या वर्षी याच परीक्षेत गुण कमी आले तेव्हाही तू फोन केला होतास. बोलली काहीच नाहीस. नुसता तुझा श्वास येत होता, आणि मध्येच तोही ऐकू येईना. मी फोन कानाला दाबून उभा होतो. एवढा मी कधी घाबरलो नव्हतो. पण दुसऱ्या दिवशी तुला ऑफिसला जायचं होतं, म्हणून तू उठलीस, वेणी घातलीस, गेलीस. तुला त्या ऑफिसनेच उभं केलं, मी नाही.

आणि काल रात्री तू आईला फोनवर सांगितलंस, की आज राजीनामा देतेय, आता गुणांची वाट कशाला बघायची. म्हणून हे पत्र. फोनवर तुझं हसू ऐकलं की माझ्याच्याने बोलवणार नाही. म्हणून पहाटेची पहिली बस पकडून आलोय, आणि आता हे तुझ्या दाराखालून आत सरकवतोय. माझी चूक होत असेल, सर म्हणाले तसं तुला नुसतं सोपं वाटलं असेल, तर मला आयुष्यभर हस. पण गुण येईपर्यंत तेवढा राजीनामा देऊ नकोस. रागावलीस तर मोठ्याने रागाव, भांडी आपट, काहीही कर. फक्त गप्प होऊ नकोस. मी दारापाशीच आहे आणि आतला आवाज ऐकतोय.

तुझाच, दार ठोठावायची हिंमत न झालेला,
बाबा