नूरोआचा पडाव

प्रिय तेउरा,

तुझा निरोप आकाइतीने रविवारी चर्चच्या दारातच माझ्या कानावर घातला. आपल्या या चुलत बहिणीला दम कधीच नव्हता. माझी टोपीसुद्धा डोक्यावरून उतरली नव्हती. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, पण फोनवर नको. फोनवर तू फार छान बोलतोस आणि मी गप्प होते, दर वेळी हेच होतं. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही, म्हणून लिहितेय.

इकडे सगळं तसंच आहे, फक्त माणसं नाहीत. वरच्या वाडीत सकाळी धूर दिसतो तो एकट्या म्हाताऱ्या पापा तेकोपुआंच्या चुलीचा. त्यांना आता ऐकू येत नाही, त्यामुळे ते ओरडून बोलतात आणि अख्ख्या बेटाला त्यांच्या पोटाचे विकार पाठ झालेत. शाळेच्या मैदानात डुकरं चरतात. चर्चमध्ये पुरुषांचा आवाज उरला नाही, म्हणून आम्हा बायकांपैकी ज्यांचे गळे जाड आहेत त्या खालच्या पट्टीत गातात. पाद्रीबाबा म्हणतात देवाला फरक पडत नाही. मला पडतो.

तू वेलिंग्टनला शिकायला निघालास तो दिवस मला आठवतो. सरकारी शिष्यवृत्ती मिळालेला तू आपल्या घरातला पहिलाच. बाबा तेव्हा बांधकाम खात्याच्या पडावावर, जहाजातला माल किनाऱ्याला आणणाऱ्या त्या सपाट बोटीवर, तांडेल होते, सुकाणू त्यांच्या हाती. जहाज खडकांच्या रांगेबाहेर डुलत होतं, आणि तुझे नवे बूट भिजू नयेत म्हणून खलाशांनी तुला खांद्यावर बसवून पडावात चढवलं. खडकांमधल्या अरुंद वाटेतून बाबांनीच तुला बाहेर नेलं. आपल्या बेटावर जे जे आलं, तांदूळ, डिझेल, शाळेची बाकं, दवाखान्यातली औषधं, ते त्याच वाटेनं आलं आणि त्याच माणसांच्या हातून आलं.

त्याच्या आधीचा तो नाताळ विसरलास का? जहाज आलं, सगळं गाव किनाऱ्यावर जमलं, आणि बाबांनी बराच वेळ लाटा बघून हात हलवला. आज नाही. दुकानदार नुसता फणफणला, “तुझ्या बापाचं काय जातं रे? तुला काय, पगार मिळतोच!” बाबा शांतपणे म्हणाले, “मिळतो ना. म्हणून तर नाही म्हणता येतं.” जहाज माल घेऊन परत गेलं. आपण नाताळात पावाशिवाय नुसते टारोचे कंद खाल्ले, आई आठवडाभर बाबांशी नीट बोलली नाही. पण त्या दिवशी किनाऱ्यावर उभी असलेली सगळी माणसं दुसऱ्या दिवशीही होती.

बाबांनंतर माझा नूरोआ तांडेल झाला. आणि मग तू आलास, सरकारचा सल्लागार होऊन. वेलिंग्टनच्या दोन गोऱ्या साहेबांना घेऊन, इस्त्रीच्या सदऱ्यात. राजधानीत, रारोटोंगात, सरकारचं दिवाळं निघालं होतं, नोकर फार झाले होते, हे आम्हालाही कळत होतं. तू सभागृहात भिंतीवर चित्रं दाखवलीस. म्हणालास, आता सगळ्या जगात हेच चाललंय, सरकारनं कामं स्वतः करायची नसतात, करवून घ्यायची असतात. मग पडावाच्या माणसांकडे बघून म्हणालास, “जहाज येतं महिन्यातून एकदा. या सगळ्यांना महिनाभर कशाला पोसायचं?” पापा तेकोपुआ उठून म्हणाले, “पोरा, पाद्रीबाबांनाही रविवारीच काम असतं. त्यांनाही कंत्राटावर बोलवायचं का?” सगळे हसले. तूही हसलास. तेव्हा मला वाटलं होतं की तुला कळलं.

उरलेले दिवस ती माणसं काय करत होती ते तुला मी सांगायला हवं होतं का? रस्त्यातले खड्डे बुजवत होती, वादळानंतर पत्रे बसवत होती, कुणी गेलं की खड्डा खणत होती. नूरोआनं तुला एकच प्रश्न विचारला. “मग समुद्र खवळला की नाही कोण म्हणणार?” तू म्हणालास, “भावोजी, कंत्राटात सुरक्षेचं कलम असेल.” नूरोआ खाली बसला. घरी आल्यावर मला म्हणाला, “तुझा भाऊ हुशार आहे गं. मला त्याचं उत्तर कळलंच नाही.”

पुढे जे झालं ते तू आकड्यांत वाचलं असशील. आम्ही ते विमानतळावर पाहिलं. दर विमानाला हार करून करून माझी बोटं फुलांच्या चिकानं काळी पडली. नोकऱ्या गेल्यावर पडावाचे खलाशी पोराबाळांसह गेले, कुणी ऑकलंडला मांसाच्या कारखान्यात, कुणी ऑस्ट्रेलियात फळं तोडायला. नूरोआ गेला नाही. आईला सोडून जायला मी तयार नव्हते आणि मला सोडून जायला तो.

पडाव रारोटोंगाच्या एका कंत्राटदाराला मिळाला. तो इथे राहत नव्हता. जहाज आलं की त्याचा मुकादम यायचा आणि गावात दिसेल त्याला दिवसापुरता बोलवायचा. मोबदला खेपेवर. जितक्या खेपा तितके पैसे, खेप नाही तर काही नाही. नूरोआ जायचा, कारण वाट त्यालाच माहीत होती.

त्या दिवशी सकाळपासून दक्षिणेकडून मोठ्या लाटा येत होत्या. नूरोआ किनाऱ्यावर उभा राहिला, अगदी बाबांसारखाच, आणि म्हणाला, आज नाही. मुकादम म्हणाला, “नको तर नको. मला माणसं मिळतील.” आणि खरंच मिळाली. घरात तान्ही पोरं असलेली दोन तरणी माणसं पुढे झाली. सुकाणू कधी धरलं नव्हतं दोघांनी. नूरोआनं त्यांच्याकडे पाहिलं, सदरा काढून माझ्या हातात दिला आणि पडावात चढला. मी त्याला अडवलं नाही. अडवून तो थांबला नसता, आणि थांबला असता तर तो नूरोआ नसता.

जाताना वाट नीट पार झाली. येताना डिझेलची पिंपं भरलेली होती. वाटेच्या तोंडाशी मागून लाट आली, पडाव आडवा झाला आणि उलटला. त्या दोघांना किनाऱ्यावरच्या पोरांनी पोहून बाहेर काढलं. नूरोआ पडाव आणि खडक यांच्या मध्ये सापडला. पूर्वी खात्याचा ट्रक असायचा, दोर असायचे. ते सगळं लिलावात गेलं होतं. त्याला आम्ही दाराच्या फळीवर घालून घरी आणलं. आमच्या लग्नासाठी आईनं शिवलेली गोधडी मी त्याच्याभोवती गुंडाळली. तो अंगणातच आहे, आई-बाबांच्या कबरींशेजारी. रोज सकाळी मी तिथे झाडते.

मग मी विचारायला निघाले. सरकार म्हणालं, पडाव आता आमचा नाही. कंत्राटदार म्हणाला, हा माझा नोकर नव्हता, रोजानं आलेला होता. आणि तू म्हणाला होतास ते कलम खरंच होतं, तेउरा. त्यात लिहिलं होतं की सुरक्षेची जबाबदारी तांडेलाची. म्हणजे चूक कुणाची ठरली? जो अंगणात होता त्याची. तू फोन केलास, रडलास, ते खोटं नव्हतं हे मला माहीत आहे. पण रडून झाल्यावर म्हणालास, “ताई, धोरण चुकलं नाही, अंमलबजावणी चुकली.” मी फोन ठेवला तो लाइन गेली म्हणून नव्हे.

त्यानंतर तुझी पत्रं येत राहिली. कधी दुसऱ्या बेटांवरून, होनियाराहून, आपियाहून, एकदा थेट मंगोलियातल्या उलानबाटरहून. आमच्याकडे केलंस तेच तिथे शिकवायला गेला होतास. त्या पत्रावरच्या चित्रात बर्फ आणि घोडे होते. तिथे समुद्र नाही एवढंच मला बरं वाटलं.

आणि आता वारं फिरलंय म्हणे. आकाइती सांगत होती, तू परिषदांमधून सांगतोस की आपण फार खोल कापलं, सरकारची माणसं पुन्हा उभी करायला हवीत. टाळ्या पडतात म्हणे. मोडताना सल्ला तुझा, जोडतानाही सल्ला तुझाच. दोन्ही वेळा विमानाचं तिकीट सरकारचं. मी हे चिडून लिहितेय हे तुला कळेल. कळू दे.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पुढच्या महिन्यात तू साहेबांबरोबर येतोयस, नवा पडाव येतोय, पगारी खलाशी पुन्हा नेमणार आहेत, आणि त्या पडावाला नूरोआचं नाव द्यायला माझी परवानगी हवी, फीतही मीच कापायची. पडाव येऊ दे. खलाशी नेमा, चांगले नेमा. तू माझ्याच घरी उतर. जेवायला घालीन, अंथरूण घालीन, आईनं तुझी जबाबदारी माझ्यावर टाकली होती आणि ती मी सोडलेली नाही. पण नूरोआचं नाव मी देणार नाही. एकदा सगळं त्याच्या नावावर टाकून झालंय. नाव हवंच असेल तर तुझं घाल, दोन्ही बाजूंना, मोठ्या अक्षरांत. म्हणजे उद्या काही झालं तर इथल्या बाईला कुणाला विचारायचं ते तरी कळेल.

तुझीच,
ताई तेपाएरु