सरांच्या वतीनं

अ‍ॅशबर्न, शनिवार, १२ ऑक्टोबर १९९६

त्या अमेरिकन कवीचं घर आज एकदाचं पाहिलं. नऊ वर्षं इथे राहतोय, ते घर गाडीनं तीन तासांवर, आणि आज गेलो! का लांबवलं इतकं?

औरंगाबादला कॉलेजात त्याच्या कविता आणि भीतीच्या गोष्टी कांबळे सरांनी शिकवल्या. 'बिनआईचं पोरगं लिहून अमर झालं,' असं सांगताना ते आम्हा हॉस्टेलच्या पोरांकडे बघत. मी अमेरिकेला निघालो तेव्हा म्हणाले, "त्याच्या टेबलाला माझ्या वतीनं हात लाव." आता सरांना दिसत नाही.

टेबल एवढंसं. पण पुढे दोरी. मी नुसताच उभा. इतका वेळ कंटाळलेली माझी लेक प्रज्ञाच म्हाताऱ्या गाइडबाईंना म्हणाली, "इट्स फॉर हिज टीचर." बाईंनी मुकाट्यानं दोरी सोडली. खरंच, किती इवलंसं टेबल!

घरी येताच सरांना फोन लावला.

"सर, हात लावला."

 सर हळूच म्हणाले, "गार होतं का रे?"

"हो सर."

आणि सर वर्गातल्यासारखी कविता म्हणू लागले. मला ऐकवेना. रिसीव्हर प्रज्ञाच्या कानाला लावला. तिनं तो शेवटपर्यंत धरून ठेवला.